डबरीचं पाणी उतरवलं तो दिवस

नवरा गेल्यानंतर मी घराच्या मागच्या बाडीत, परसात, जाणं सोडलं होतं. कपडे गच्चीवर वाळत घालायचे, भांडी आतच घासायची. मागचं दार माझ्यापुरतं बंद झालं होतं. त्या दाराबाहेर त्याची डबरी होती, मासे पाळायचं छोटं तळं. खोलीएवढी लांबरुंद, काठाला सिमेंट केलेली. भिलाईच्या पोलाद प्लांटमधून ड्यूटी करून आला की हातपाय धुऊन तो सरळ तिकडेच जायचा. रोहू आणि कतला पाळले होते. तापाचं निमित्त होऊन तो दवाखान्यात गेला आणि तिथून परत आला नाही. मासे मात्र राहिले. त्यांना दाणा घालायचं काम सासऱ्यांनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतलं.

घरात आम्ही तिघं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गुडघ्यांनी बसवलेल्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आणि मी. मी दुर्गच्या एका शाळेत शिकवते. मामाजी फार बोलत नाहीत. सारी नोकरी प्लांटच्या रेल्वे यार्डात गेली. इंजिनांच्या आवाजात बोलून उपयोग नाही, म्हणून सवय मोडली असेल, असं आत्याबाई म्हणतात. माझ्याशी तर त्यांचं बोलणं ‘चहा देशील का, बाई’ आणि ‘दार लावून घे’ एवढंच.

दसरा होऊन गेला होता. बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याची बातमी टीव्हीवर चालू होती. भिलाईपासून समुद्र कुठल्या कुठे. वादळ किनाऱ्यावर आदळून ओडिशा ओलांडून आमच्याकडे येईस्तोवर त्याचा जोर सरलेला असतो. पण पाऊस आणि वारा उरतोच, आणि तोही काही थोडा नसतो.

सकाळी मी शाळेच्या तयारीत होते. मामाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डोळ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. काळा चष्मा तेवढा सुटला होता, पण वाकायला आणि वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

“आज सुट्टी भेटते का तुले?” त्यांनी विचारलं.

“कावून मामाजी? बरं नाही वाटून राहिलं का?”

“मले काय होते. डबरीचं पाहा लागते. माह्या एकट्यानं होत नाही आता.”

त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी शाळेत फोन केला, साडी बदलून जुना पंजाबी घातला आणि मागचं दार उघडलं.

पाणी काठापर्यंत आलेलं होतं, हिरवट, शांत. आमच्या पावलांचा आवाज ऐकून मासे काठाशी गोळा झाले. मामाजींचा हात खिशाकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला. “आज दाणा नाही,” ते माशांनाच म्हणाले. मग मला सांगितलं, “ढगाळ दिवसात पोट भरलं का त्यायले हवा पुरत नाही. अन् उरलेला दाणा सडते.”

आधी मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. त्याच्या फांद्या अगदी ठिसूळ, जोराचा वारा आला की पहिल्यांदा त्याच पडायच्या, आणि पाला पाण्यात पडून कुजायचा. मी स्टुलावर चढून कोयत्यानं फांद्या तोडल्या. मामाजी खालून सांगत होते, ही तोड, ती राहू दे. शेजारची छत्तीसगढी बाई भिंतीवरून डोकावून गेली, शेंगा मागून घेऊन गेली. मग सुपेल्याच्या बाजारातून मामाजींनी मागवलेला मुरूम बोऱ्यांमध्ये भरला आणि गल्लीच्या नालीच्या बाजूनं बोऱ्यांची रांग लावली. नाली तुंबली की साबणाचं, संडासाचं पाणी बाडीत शिरतं. ते डबरीत गेलं तर एकही मासा वाचला नसता. बोऱ्या मी ओढत होते आणि मामाजी पायानं त्या नीट बसवत होते. हात लावायला आले की मी म्हणायची, “मामाजी, डोळा.” ते मागे व्हायचे.

मोटर लावून पाणी उतरवायला घेतलं. वरून पडणाऱ्या पावसाला जागा हवी, नाही तर पाणी काठावरून वाहतं आणि मासे त्याच्यासोबत नालीत जातात. जादा पाणी जायला एका कोपऱ्यात पाइप होता. त्यात मामाजींनी काठी घालून पाहिली. पाइप बुजलेला होता.

“आत उतरा लागते,” ते म्हणाले. मग पायजमा वर दुमडायला लागले. “राहू दे. मी उतरतो.”

“तुम्ही नका उतरू.”

मी चप्पल काढली आणि उतरले. पाणी कमरेवर आलं. थंड होतं. तळाचा गाळ बोटांमधून वर आला, पिंढरीला मासा घासून गेला, आणि मला एकदम रडू फुटलं. ज्या जागेला मी इतके दिवस टाळत होते तिच्या मधोमध मी उभी होते. मामाजींनी तोंड दुसरीकडे केलं. मी तशीच रडत पाइपपाशी गेले.

पाइपाच्या तोंडाला त्यानं जाळी बांधली होती. तारेचे वेढे घालून टोक आत वळवलेलं, कोणाला लागू नये म्हणून. घरातली प्रत्येक वस्तू तो अशीच बांधायचा. तार गंजून जाळीला चिकटली होती आणि जाळीत पाला, शेवाळ घट्ट बसलं होतं. ती सोडवायचा मी खूप प्रयत्न केला. नखं दुखायला लागली.

“पक्कड घे,” मामाजी म्हणाले.

“मामाजी, हे त्यांनी बांधलं आहे.”

“तोड, बाई. तार हाय ते.”

त्यांनी वरून पक्कड दिली. मी तार तोडली. बोटांनी गाळ ओढून काढला तसा पाइप मोकळा झाला. नवी जाळी मी माझ्या पद्धतीनं बांधली. वेडीवाकडी, पण घट्ट.

बाहेर आल्यावर आम्ही काठावर बसलो. वारा सुटला होता. ढग पूर्वेकडून येत होते. मामाजी आपणहून बोलायला लागले.

“हे खोदलं तवा मीबी होतो त्याच्यासंगं. तू शाळेत राहायची. आमी दोघं बापलेक जन्मात येवढं बोललो नाही जेवढं हे खोदताना बोललो.”

“काय बोलायचे?”

“काई नाही. फावडं दे. घमेलं घे. इथं दगड हाय.” मग म्हणाले, “तेवढंच. पण दिवसभर.”

तिसऱ्या प्रहरी पावसानं जोर धरला. संध्याकाळपर्यंत वारा असा वाढला की पत्रे वाजायला लागले, आणि दिवे लावायच्या वेळेला लाइन गेली. पाण्यात बुडबुडे सोडणारं मशीन बंद पडलं. ती रात्र आम्ही तिघांनी एकाच खोलीत काढली. झोप कोणालाच नव्हती.

उजाडलं तेव्हा पाऊस हलका झाला होता. नाली भरून वाहत होती, पण बोऱ्या टिकल्या होत्या. जादा पाणी पाइपातून निघून जात होतं. मला हायसं वाटलं. मामाजींना नाही. त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. मासे वर येऊन तोंड उघडून हवा ओढत होते, सगळेच्या सगळे.

लाइन आलेली नव्हती. मी बादली घेतली, पाणी भरून उंचावरून परत ओतायला लागले, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. मामाजींनी मोरीतला प्लास्टिकचा मग उचलला. यावेळी मी त्यांना अडवलं नाही. आत्याबाई भिंत धरत धरत दारापर्यंत आल्या आणि पायरीवर बसल्या. शेजारची बाई पदर खोचून आली आणि तिनं माझ्या हातातली बादली घेतली. “तैं थोरिक बइठ,” ती मला म्हणाली, तू जरा बस म्हणून. आळीपाळीनं आम्ही दुपारपर्यंत ओतत राहिलो. खांदे आपले राहिले नव्हते.

तरी मोठे गेले. मोठ्यांना हवा जास्त लागते. त्यानं अगदी बोटाएवढे असताना आणलेले कतला, एकेक करून आडवे झाले आणि पांढरं पोट वर घेऊन तरंगायला लागले. लाइन आली तेव्हा लहान तेवढे वाचले होते.

शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, ताजेच आहेत, खाणार नाही का? आत्याबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मामाजींनी केळीच्या बुंध्याशी खड्डा करायला घेतला. कुदळ मी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मी खणलं. मासे त्यांनी स्वतः ठेवले, एकमेकांना लागून. माती लोटून झाल्यावर ते तिथंच उकिडवे बसले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. मुलगा गेला तेव्हाही नाही. लोकांची उठबस, दवाखान्याचे कागद, आम्हा दोघींना सांभाळणं, सगळं त्यांनी कोरड्या डोळ्यांनी केलं होतं. आत्याबाईंनी पायरीवरून म्हटलं, “रडू दे त्यायले.” मी त्यांच्या शेजारी मातीत बसून राहिले.

पुढच्या पावसाळ्यात मासळीचं बी आणायचं ठरलं. मामाजी माझ्या स्कूटीवर कधीच बसले नव्हते. सुनेच्या मागं कसं बसावं, हा त्यांचा संकोच. त्या दिवशी बसले. येताना हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. आत बोटाएवढी पिल्लं. सुपेल्याच्या गर्दीत मागून सारखं ऐकू येत होतं, “हळू, बाई. खड्डा हाय. हळू.”

पिशवी लगेच उघडायची नसते. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गरम होईपर्यंत ती डबरीत तशीच तरंगू द्यायची. आम्ही दोघं काठावर बसलो. आतून आत्याबाईंनी हाक दिली, चहा झाला म्हणून.

मी उठायला लागले तसे मामाजी म्हणाले, “इथंच घेऊन ये दोघायचा. मी हाओ इथं.”