समोरच्या काठाची बाग

बारामतीत आमच्या कॉलनीच्या मागून कालवा जातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या काठावर नुसती वेडी बाभूळ आणि कचरा होता. मी शाळेत बाई होते. एका दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलनीतल्या लोकांना गोळा केलं आणि रविवारच्या श्रमदानाच्या पाळ्या लावल्या. खणायचं कुणी, दगड वेचायचे कुणी, पाणी घालायचं कुणी, सगळं ठरलेलं. माळेगावच्या साखर कारखान्यावरून मळीचं खत आणलं, हिरवळ लावली, तारेचं कुंपण घातलं, कालव्यावरच्या पुलाच्या बाजूला फाटक बसवलं, आत सिमेंटचा लांब बाक केला. वर्षभरात बाग उभी राहिली.

फक्त तिथं येऊन कुणी बसत नसे.

बसत ते समोरच्या काठावर. तिथल्या वस्तीनं आमचं बघूनच काम सुरू केलं, हे मी आजही सांगते. त्यांना ना कुंपण, ना पाळ्या. ज्याला जे वाटलं ते त्यानं लावलं. शेवगा, जांभूळ, कढीपत्ता, जास्वंदीला खेटून वांगी. मंडईतून घरी जाणारी माणसं तिथूनच जात आणि वाटेत एक आक्का बसलेली असे. सासऱ्यांच्या काळापर्यंत तिच्या घरी मेंढरं होती, आता मुलगा कारखान्यावर कामाला होता. ती दगडावर बसून भाजी निवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. माणूस थांबला की त्याच्या हातात बादली यायची आणि झाडांना पाणी घालून तो हसत घरी जायचा. माझ्या पाळीच्या माणसाला मात्र मला घरी जाऊन उठवावं लागे.

एका सकाळी समोर बघते, तर आमचे हे तिथं. हातात बादली.

घरी आल्यावर विचारलं, "आपल्या बागेत फिरायला काय झालं होतं?"

"तितं फाटक न्हाय."

"फाटक काय चावतं?"

"चावत न्हाय, पण आठ वाजले की तू कुलूप घालतीस. हिरवळीवर बसू देत न्हाईस. उभ्या उभ्या देवदर्शन घ्यायचं का?"

"म्हणून तिच्या झाडांना पाणी घालायचं?"

"अगं, तिनं हाक मारली."

"मी दर रविवारी मारते ती काय असते?"

"ती हजेरी असती," म्हणत ते आंघोळीला गेले.

पुढं कॉलनीतल्या एका तात्यांनीच विषय काढला. पुलाकडचं फाटक काढलं तर दोन्ही काठ जोडले जातील, एक सलग फेरी होईल. मी म्हटलं, गुरं शिरतील, फुलं जातील. खरं म्हणजे सगळी बाग आक्काचीच म्हणून ओळखली जाईल, ही मला धास्ती होती. तात्यांनी हात वर करायला सांगितले. माझा सोडून सगळे वर गेले, आमच्या ह्यांचा सर्वांत आधी.

फाटक निघालं. माणसं आमच्या बागेतून जाऊ लागली, पण जायची ती तिकडंच. मी शाळेतून येताना रोज बाकाकडं नजर टाकायची. रोज रिकामा.

मग एका संध्याकाळी तो भरलेला दिसला. मी भराभर पुलावरून आत आले. बाकाच्या मधोमध आक्का होती. दोन्ही बाजूंना आमच्या कॉलनीतल्या बायका, आणि प्रत्येकीच्या मांडीवर आक्काची मेथी. तिच्याकडं तोंडं करून सगळ्या हसत होत्या. मला बसायला जागा नव्हती.

"या की बाई," ती म्हणाली आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. "सरक गं जरा, बाईस्नी बसू दी."

आमच्याच बाकावर ती मला जागा करून देत होती. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण दिवसभर वर्गात उभं राहून पाय भरून आले होते, आणि एवढी माणसं त्या बाकावर पहिल्यांदाच बसली होती. मी बसले. तिनं माझ्याही मांडीवर एक जुडी टाकली.

त्या सगळ्या गप्पांच्या नादात देठं लांब ठेवून निवडत होत्या. मी माझी जुडी नीट, पान न् पान निवडली आणि सगळ्यांच्या आधी संपवली.