रचनाताईचा दातांचा तास

रिक्षावाल्या बुधाजीची रचना नववीत आहे. अभ्यासात मधली, खेळात बरी आणि बोलण्यात सगळ्यांच्या वर. मी विज्ञान शिकवते. वर्गात मी एक वाक्य बोलले की हिची त्यावर दोन तयार असतात. मी स्वतः तोंडाळ आहे हे सगळ्या रेवदंड्याला ठाऊक आहे, त्यामुळे दुसरी तोंडाळ बाई मला लांबूनच ओळखू येते. या पोरीच्या हाताला काम दिलं नाही तर ही माझ्या डोक्याला काम लावेल, एवढं मला जून महिन्यातच कळलं होतं.

गणपतीनंतर शाळेत डॉक्टर श्रद्धा आल्या. त्या दातांच्या कॉलेजात शिकवतात. तसं दरवर्षी कोणी ना कोणी यायचं, प्लास्टिकचा जबडा दाखवायचं, भाषण करायचं, ब्रश वाटायचं आणि चहा पिऊन जायचं. मुलं त्या ब्रशांनी कॅन्व्हासचे बूट घासायची. मी हे डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच यंदा भाषण नाही. नववीची काही मुलं निवडा, त्यांना मी तयार करते आणि तीच प्राथमिकच्या मुलांना शिकवतील. लहान मुलं डॉक्टरला घाबरतात, बाईंचं ऐकल्यासारखं करतात, पण ताई-दादा जे करतात ते बघून तसंच करायला जातात. डॉक्टर बोलल्या ते मला पटलं.

मुख्याध्यापक विवेक सरांनी आधी ऋत्विकचं नाव घेतलं. मुलगा हुशार, दात मोत्यासारखे. पण तिसरीच्या वर्गासमोर उभं केलं तर अर्ध्या मिनिटात त्याला घाम फुटला. दुसरं नाव मी रचनाचं दिलं. सर म्हणाले, अहो मधुवंतीबाई, तिचा पुढचाच दात तुटका आहे. चिंचेवरून पडली होती ना ती. मी म्हटलं, बरं झालं, पोरांना दाखवायला काहीतरी आहे. शेवटी ती तुटका दात घेऊन तिसरीवर गेली.

आणि काय सांगू, शिकवायला लागली की तिचं रूपच बदलायचं. जबडा-बिबडा तिने कोपऱ्यात ठेवला. मुलांना चॉकलेटचं काळं बिस्कीट चावायला द्यायची आणि मग बॅटरी मारून शेजाऱ्याच्या तोंडात बघायला लावायची. वर्गाचा नियमच होता, आधी आपण आ करायचा, मग शेजाऱ्याने. कुठे काळं राहिलंय ते शेजारी सांगणार. मांदेलीचा काटा जिथे अडकतो तिथे ब्रश पोचला पाहिजे, असं ती म्हणायची, आणि पोरांना नेमकी जागा कळायची. हिरड्यांवर गोल गोल, घाई नाही, जोर नाही. डॉक्टर श्रद्धा दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, हिला माझ्या कॉलेजात पाठवा. मी म्हटलं, आधी दहावी तर होऊ दे.

तासाच्या शेवटी पोरांनी रचनाला अडचणी सांगायला सुरुवात केली. कोणाचा ब्रश धाकट्या भावाने चावला होता, कोणाचा घोंगडीखाली हरवला होता. ती वैतागली. ब्रश नसला तर बोटाने घासा, म्हणाली, पण सकाळी आणि झोपताना घासल्याशिवाय राहायचं नाही. मीसुद्धा मागे बसून मान डोलावली. वा, काय अक्कल आहे पोरीला, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात प्रार्थना चालू असताना तिसरीतला सुजित डोळे फिरवून खाली बसला आणि भडाभडा ओकला. अंगाला गार घाम. त्याला वर्गात नेऊन निजवलं, पाणी पाजलं, तेव्हा त्याच्या हिरड्या मला काळ्या दिसल्या. काय खाल्लंस, विचारलं. काही नाही बाई, दात घासले, म्हणाला. कशाने, तर बोटाने. आणि बोटाला काय लावून, तर मिसरी. मग बाकीची पोरंही बोलायला लागली. वर्गातल्या निम्म्या पोरांनी ब्रश नसेल तेव्हा मिसरीच लावली होती. त्यांचं काय चुकलं? आमच्या भागात बोटाने दात घासायचे म्हणजे मिसरीनेच. आई तशीच घासते, आजी तशीच घासते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. तिला तंबाखू कोणी म्हणत नाही. नुसती मिसरी म्हणतात, आणि मिसरी म्हणजे जणू मीठ-हळद.

रचनाचा चेहरा पांढरा पडला. कारण अख्ख्या आळीत मिसरी भाजते कोण, तर हिचीच आजी, गोदूबाई. त्या वासात ही पोर वाढलेली. तो वास तिच्या नाकाला कळतच नव्हता, तर डोक्याला कुठून कळणार.

दुपारी सुजितची आई सगुणा आली आणि तिने शाळा डोक्यावर घेतली. आजी मिसरी विकणार आणि नात ती लावायला शिकवणार, चांगला धंदा काढलाय, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. गोदूबाई मिसरी कधीच विकत नाही, मूठभर कोणालाही देते, हे सगुणालाही ठाऊक होतं, पण पोटचं पोर ओकल्यावर आईला हिशेबात बोलायला कोण सांगणार. विवेक सर भला माणूस, पण पालक ओरडले की त्यांचे पाय लटपटतात. त्यांनी दातांचा तास बंद करायचं ठरवलं. रचना गप्प उभी होती. ही गप्प उभी राहते हे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मी सरांशी भांडले. चूक झाली ती तिच्याच तासाला सुधारू दे, नाहीतर पोरांच्या डोक्यात मिसरीच राहील आणि ब्रश जाईल, असं ठणकावून सांगितलं. शेवटी सर म्हणाले, शनिवारी एक तास घ्या, पालकांना बोलवा, पालकांचं समाधान झालं तर पुढे चालू, नाहीतर संपलं. रचनाने मान हलवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाई, मला तासाची भीती नाही. आजीची आहे. डॉक्टरांनी आम्हाला तोंड तपासायला शिकवलं ना, तेव्हापासून मी रोज तिच्या मागे लागलेय. ती तोंडच उघडत नाही. गालाला आतून काहीतरी टोचतंय, तिखट लागलं की ओरडते, पण दाखवत नाही.”

म्हणजे एवढे दिवस ही पोर शाळेत शेकडो दात बघत होती आणि घरात एक तोंड तिला बघू देत नव्हतं. आणि माझ्या घरी तरी काय वेगळं. माझ्या घरात माझ्या सासूबाई, अनुसूयाबाई, वाडीतल्या विहिरीवर रोज सकाळी मिसरी लावत बसतात, तीही गोदूबाईच्या हातची. मी विज्ञानाची बाई, आणि सासूबाईंनी मला कधी दात दाखवलेले नाहीत.

त्या रात्री रचना आजीशी भांडली नाही. तिने डोकं चालवलं. आजीला म्हणाली, सगळे तुझ्या मिसरीला नावं ठेवतायत, तर शनिवारी शाळेत ये आणि तिची बाजू मांड. गोदूबाईला एवढंच हवं होतं.

शनिवारी गोदूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, कमरेला डबी खोचून, ताठ मानेने आली. सगुणाकडे बघून म्हणाली, “माज्या मिसरीनं आजवर कुनाचं वाकडं झालं न्हाय. तुजं लग्न झालं तवा दात दुकत व्हते, कुनी दिली व्हती?” सगुणा खाली बघायला लागली. वर्गात बाकं नव्हती, सगळे सतरंजीवर. रचनाने आजीला मुद्दाम तिसरीच्या पोरांत बसवलं. शेजारी राही, वर्गातली सगळ्यांत चिमुकली, वेण्यांना लाल रिबिनी.

रचनाने सुरुवात केली तीच अशी की माझी चूक झाली. बोटाने घासा म्हणाले, बोटाला काय लावायचं नाही ते सांगितलं नाही. ब्रश नसला तर नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरा. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू आहे, आणि ती भाजली तरी तंबाखूची तंबाखूच राहते. पालक कुजबुजले. गोदूबाई बोलायला उठणार, एवढ्यात रचना म्हणाली, आता शेजाऱ्याचं तोंड बघा.

सगळी पोरं वळली. राहीने गोदूबाईकडे तोंड करून मोठ्ठा आ केला. गोदूबाईला बघावंच लागलं. तिने बघितलं, चांगलं हाय गं बाय, म्हणाली. राहीने तोंड मिटलं आणि वाट बघत बसली. आता तुमची पाळी, एवढंच तिच्या चेहऱ्यावर. गोदूबाईने इकडेतिकडे पाहिलं. नातीला तिने हजारदा नाही म्हटलं होतं, पण समोरचं लेकरू नियमाने बसलं होतं आणि नियम मोडायला गोदूबाईला लाज वाटली. तिने तोंड उघडलं.

राहीने बॅटरी मारली, बोटाने पुसून बघितलं आणि म्हणाली, “ताई, आजीच्या गालाला आतून पांढरं लागलंय. पुसलं तरी जात नाही.”

रचना आली, गुडघ्यावर बसली. तिने आजीचा गाल बोटाने हळूच बाजूला केला आणि पाहिलं. मला वाटलं, ही आता रडणार आणि तास इथेच संपणार. पण ती सगळ्या वर्गाकडे वळून म्हणाली, “हा डाग मिसरीचा आहे. आजी जिथे मिसरी धरून ठेवते, बरोबर तिथेच आहे. हा घासून जात नाही. हा डॉक्टरांना दाखवायचा असतो, आणि लवकर दाखवायचा असतो. आजी, सोमवारी आपण जातोय.”

गोदूबाई मिसरीची बाजू मांडायला आली होती. “तू येशील ना संगं?” एवढंच तिने विचारलं. रचना म्हणाली, व्हय. सगुणा उठली. मला वाटलं, आता भांडते. तिने स्वतःच्या कमरेची डबी काढली आणि रचनासमोर सतरंजीवर ठेवली. विवेक सर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. पुढचा तास कोणत्या वारी ठेवायचा ते त्यांनी आपणहून विचारलं.

सोमवारी बुधाजीने रिक्षा दिवसभर बाहेर भाड्याला नेली नाही. आईला आणि लेकीला घेऊन तो अलिबागला डॉक्टर श्रद्धांकडे गेला. त्यांनी डागाचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत रचना वर्गात एकही उलट उत्तर देत नव्हती, मला करमेना. रिपोर्ट चांगला आला. वेळेत आलात, मिसरी आजपासून बंद, दर काही महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोदूबाईने मिसरी सोडली खरी, पण पहिला महिना सगळ्या घराला सळो की पळो करून सोडलं. बडीशेप चघळायची आणि सुनेवर खेकसायची. बुधाजी म्हणायचा, बाई, रिक्षातल्या पॅसेंजरांत मला जास्त शांतता मिळते.

आता रचना तिसरी, चौथी दोन्ही घेते आणि पाचवीतली मुलं तिच्या हाताखाली तयार होतायत. माझ्या वर्गात तिचं एकाला दोन पुन्हा चालू झालंय.

परवाच्या रविवारी सासूबाईंची डबी रिकामी झाली. गोदूबाईने सोडल्याचं त्यांनी ऐकलं होतं, पण आपल्याला ती नाही म्हणणार नाही, अशी त्यांची खात्री. मी बरोबर गेले. गोदूबाई ओट्यावर सुकट निवडत होती, रचना पायरीवर पुस्तक घेऊन. सासूबाईंनी डबी पुढे केली. गोदूबाईने डबीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“वयनी, बसा,” ती म्हणाली. “त्वांड उगडा.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले. गोदूबाईने सुकट बाजूला सारली, त्यांच्यासमोर बसली आणि आधी स्वतःच मोठ्ठा आ केला, गाल बोटाने ओढून, आतला डाग दिसेल असा. तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने माझ्या सासूबाईंनी तोंड उघडलं.

“रचना,” गोदूबाई म्हणाली, “बॅटरी आन.”