मंदिराचा हॉल आणि शेजारच्या ताई

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या वस्तीत शेजारच्या ताईंचं छोटंसं मंगल कार्यालय होतं. त्यांचं सासर अल्लीपूरकडचं, भाजीपाला पिकवणारं. यजमान गेल्यावर वावराचा तुकडा विकून त्यांनी ते बांधलं. दरवर्षी धंद्याच्या दराने कर भरायच्या. मग रस्त्यापलीकडच्या मंदिराने सभागृह बांधलं. कागदावर ते भजन-कीर्तनासाठी, म्हणून करमाफ. लग्नसराईत मात्र तिथून बँडच ऐकू यायचा, आणि भाडं ताईंच्या निम्मं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ताई माझ्याकडे आल्या. मी भरतासाठी वांगी भाजत होते.

"वहिनी, उद्या मी इचारनार हाव, मंदिराच्या हॉलले टॅक्स काऊन नाई म्हणून. तुमी फक्त उठून हो म्हणजा. एकटीचं कोनी ऐकत नाई."

"म्हणीन ना," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात आम्ही मुलीच्या लग्नासाठी ते सभागृह ठरवलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा ठेवला.

सभेत ताई पदर सावरून उभ्या राहिल्या. "देवाले टॅक्स लावा असं मी म्हणून नाई राह्यली. गाभाऱ्याले नका लावू. पन हॉल भाड्यानं देता ना? मी भरून राह्यली, तं तुमीही भरा."

मागून कोणीतरी ओरडलं, "उद्या आरतीवरही लावसान का, बाई?"

सगळे हसले. मंदिर समितीचे अध्यक्ष मात्र हसले नाहीत. हॉलच्या भाड्यातूनच अन्नदान चालतं, म्हणाले. ते खोटं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये आमच्याच गल्लीत त्यांचं जेवण यायचं. ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडून उगाच रुमाल शोधत बसले. तेवढ्यात पुढचा विषय निघाला, नाल्यांचा.

पत्रिका द्यायला मीच गेले. नवरा म्हणाला होता, पोराच्या हातून पाठव, पण ते बरं वाटेना. ताईंनी लग्नाचं ठिकाण वाचलं, पत्रिका मिटली.

"माह्याकडं तुमचे पाहुने मावले बी नसते," त्या म्हणाल्या.

मावले असते. लग्नाला त्या आल्या, मुलीला साडी दिली, पंगतीत बसून जेवल्या. वाढताना मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून त्या रांगेत मी जाऊलाच पाठवलं.

यंदा त्यांनी कार्यालय बंद केलं. तिथे आता एका व्यापाऱ्याची सरकीची पोती असतात. परवा त्या अंगणात मेथी निवडत होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

"ताई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"हव," त्या म्हणाल्या, "बोलाले पायजे होतं."

आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबले. त्या मेथी निवडत राहिल्या.