अक्काचा अर्धा तास

बँकेच्या साइटवर ‘दोन मिनिटं शिल्लक’ असं झळकलं की अजूनही मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.

जळगावच्या आमच्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर होता. माणशी अर्धा तास. ग्रंथपाल नाना गजराच्या घड्याळाला चावी देऊन शेजारी बसायचे. नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, पाचला साइट बंद होणार. माझा फोटो काही केल्या चढेना, तेवढ्यात गजर वाजला.

“ऊठ पोरी,” नाना म्हणाले.

मागे नशिराबादची एक अक्का लेकीचा तोच फॉर्म घेऊन उभी होती. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, “नाना, तिनं व्हई जाऊ द्या.”

माझं होऊन जाऊ द्यायला नाना तयार झाले. माझा फॉर्म गेला तेव्हा पाचला चार मिनिटं होती. मी उड्या मारत जिना उतरले. मागून नानांचा आवाज आला, तो आता ऐकू येतो:

“या अक्का, बसा. आता पूर्ण अर्धा तास तुमचा.”