अनिवार्य वाचन

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय मुळापासून वाचलेला माणूस एकच आहे, तो म्हणजे माझा आत्येभाऊ. आणि तो एम.ए. नाही. मी आहे. त्याच विषयात पहिला वर्ग मिळवून मी मुलुंडच्या एका कॉलेजात अर्धं आयुष्य शिकवलं, आता खात्याचा प्रमुख आहे, आणि त्याच्या कपाटातली निम्मी पुस्तकं मी उघडूनही पाहिलेली नाहीत. तो परीक्षेला का बसला नाही हा आमच्या नातेवाइकांत एक ठरलेला विनोद आहे. लग्नाकार्यात कोणीतरी तो काढतं आणि मीही सगळ्यांबरोबर हसतो. खरं कारण मला माहीत आहे. ते पूर्ण मी आजवर कोणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आधी त्याच्या वाचण्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याला वाचणं म्हणावं की मुक्काम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लोक पुस्तक वाचतात आणि तळटिपा सोडतात. हा तळटिपा वाचतो आणि वेळ उरला तर पुस्तक. "तळटीप म्हणजे लेखकाने दारात उभं राहून दिलेलं आमंत्रण असतं रे. जायचं नाही म्हणजे काय?" असं म्हणून तो प्रत्येक आमंत्रणाला जातो. युद्धाच्या कारणांवरचं एक पुस्तक त्याने गणपतीत सुरू केलं, तर तळटिपेत प्राचीन ग्रीसमधल्या लढाया निघाल्या. मग ग्रीसचा इतिहास आला, मग ग्रीसचा नकाशा आला, मग ग्रीसमध्ये ऑलिव्ह कुठे पिकतात यावर एक जाडजूड ग्रंथ आला, आणि पुढच्या गणपतीत आरतीला गेलो तेव्हा तो मूळ पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात होता. एका देशाच्या परराष्ट्र धोरणावरचं पुस्तक वाचत असताना तर तो देशच फुटला. मी म्हटलं, "आता सोड की." तर म्हणाला, "देशाने अर्धवट सोडलं म्हणून आपणही सोडायचं का?" बँकेच्या अंधेरी शाखेत नोकरी करताना त्याने बढती दोनदा नाकारली. साहेबाने कारण विचारलं तेव्हा त्याने खरं सांगितलं, की बदली झाली तर संदर्भ तुटतील. साहेबाला ते कौटुंबिक संदर्भ वाटले आणि त्याने आत्याच्या तब्येतीची चौकशी केली.

घाटकोपरच्या त्याच्या दोन खोल्यांत सगळ्यात वरच्या फळीवर पाच जाड ग्रंथ आहेत. त्यांना तो 'स्थायी सदस्य' म्हणतो. बाकीची पुस्तकं आळीपाळीने वर-खाली होतात, हे पाच हलत नाहीत. वहिनींनी एका दिवाळीत फराळाचे डबे ठेवायला ती फळी मागितली, रीतसर मागितली, मुलीचं अनुमोदनही घेतलं. हा खुर्चीवर उभा राहिला, पाचांपैकी एकावर हात ठेवला आणि म्हणाला, "याचा विरोध आहे. ठराव फेटाळला." वहिनींनी आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला त्याने निर्बंध असं नाव दिलं आणि निर्बंधांचा सामान्य जनतेवर काय परिणाम होतो हे मला फोनवर समजावून सांगितलं. ती सामान्य जनता म्हणजे तो स्वतः. जेवणात रोज दुधी येत होता. मेथीची जुडी आणायला गेला तरी तो थेट भाव करत नाही. पहिल्या फेरीत फक्त विषयपत्रिका ठरते म्हणतो. तोवर मेथी संपते.

सोसायटीच्या सेक्रेटरीपदावर तो काही महिने टिकला. ए विंगने जिन्यात कॅमेरा बसवला म्हणून बी विंगने दोन बसवले, तेव्हा ए विंगने चार मागवले. त्याने सर्वसाधारण सभेत उभं राहून याला सुरक्षेची कोंडी म्हणतात हे इतकं सविस्तर सांगितलं, की वर्षभर एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन्ही विंगांनी एकमताने त्यालाच पदावरून काढलं. मला वाटलं दुखावला असेल. पण तो जिना उतरताना आनंदाने हात चोळत होता. "बघितलंस दिल्या? समान शत्रू मिळाला की युती होते! पुस्तकात आहे तसंच झालं रे, तंतोतंत!"

या माणसाला कोणी विचारलं, "एम.ए. झालात का?" तर तो आजही म्हणतो, "चालू आहे. यादी व्हायचीय अजून."

ही यादी आमच्या सरांची. आम्ही दोघं एकाच वर्षी एम.ए.ला होतो. वर्गात आम्ही थोडे मराठी माध्यमवाले होतो आणि सरांनी वाचायच्या पुस्तकांची यादी इंग्रजीत काढली होती. सूचना, शीर्षकं, कशात काय पाहावं, सगळं इंग्रजीत. सर म्हणाले, कोणीतरी मराठीत करा. माझं इंग्रजी बरं होतं, आणि ते बरं आहे हे लोकांना कळावं अशी माझी फार इच्छा होती. मी ते काम घेतलं. वर शीर्षक होतं 'सजेस्टेड रीडिंग'. 'सुचवलेलं वाचन' असं मी लिहून पाहिलं. ते मला डॉक्टरने सांगितलेल्या सकाळच्या फिरण्यासारखं मिळमिळीत वाटलं. विद्यापीठाच्या कागदाला वजन हवं. म्हणून मी ते खोडून लिहिलं, 'अनिवार्य वाचन'. खाली झोकदार रेघ ओढली. झेरॉक्स वाटल्या.

वर्गातल्या बाकीच्यांनी कागद वह्यांत ठेवला आणि नेहमीप्रमाणे गाइडं वाचली. एकट्या माझ्या आत्येभावाने शब्द वाचला. अनिवार्य म्हणजे ज्याचं निवारण नाही ते. तो ग्रंथालयात जाऊन बसला.

इथवर ती चूक होती. पुढचं चूक नाही. परीक्षेचे फॉर्म भरायला आठवडा उरला असताना मी सरांकडे एक शंका घेऊन गेलो होतो, तर त्यांनी माझ्या फाइलीतला तो मराठी कागद पाहिला आणि ते हसायला लागले. "अनिवार्य? अरे, मी तरी कुठे सगळी वाचलीत! चार वाचा, पण नीट वाचा. सांग सगळ्यांना." मी "हो सर" म्हणालो. संध्याकाळी आत्येभाऊ भेटला. डोळे तांबारलेले, बगलेत पुस्तक. म्हणाला, "यंदा नाही बसत रे मी. निम्मी यादी राहिलीय. अनिवार्य आहे, न वाचता कसं बसणार? तू बस." वर्गात पहिला तोच येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलुंडच्या कॉलेजात एक जागा निघणार आहे, हेही ठाऊक होतं. मी म्हटलं, "बघ बाबा, तुझी मर्जी." नंतर दर वर्षी फॉर्म निघायचे, दर वर्षी मला सांगता आलं असतं, आणि दर वर्षी ते सांगणं आदल्या वर्षापेक्षा जड व्हायचं.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. त्यांची मुलगी तेजू, त्याच विषयाच्या एम.ए.ला निवडली गेलेली. "भावजी, आज संध्याकाळपर्यंत कॉलेजला हो म्हणून कळवायचंय, नाही तर सीट जाईल. आणि हे बाप-लेक पुस्तकं मांडून बसलेत! ती म्हणते पुढच्या वर्षी जाईन, आधी वाचते. तुम्ही सर ना? मग या की आत्ताच्या आत्ता!"

मी रिक्षाने पोचलो. टेबलावर पाचही स्थायी सदस्य उतरवलेले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मध्ये तो कागद, माझ्या हातच्या रेघेसकट, प्लॅस्टिकच्या कव्हरात. वहिनी दाराला टेकून उभ्या. लॅपटॉप उघडा.

"तेजू, हो म्हण ना गं," मी म्हटलं.

"काका, प्लीज. बाबांनी इतकी वर्षं शॉर्टकट मारला नाही, मी मारू? तुमच्या वेळी तुम्ही सगळं वाचून बसलात ना?"

मी आत्येभावाकडे पाहिलं. तो कौतुकाने लेकीकडे पाहत होता. "माझ्यावर गेलीय," म्हणाला. "सरांचा शब्द आहे. अनिवार्य."

"तुमच्या त्या शब्दाने एक जन्म खाल्ला, आता पोरीचा पण खा," वहिनी म्हणाल्या. मोठ्याने नाही.

"तो शब्द सरांचा नाही," मी म्हटलं. "त्यांनी 'सुचवलेलं' लिहिलं होतं. अनिवार्य मी लिहिलं. मला भारदस्त वाटलं म्हणून."

आत्येभावाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, कागद जवळ घेतला.

"सुचवलेलं?"

"हो."

"म्हणजे सरांनी नुसतं स्थळ सुचवलं," तो सावकाश म्हणाला, "आणि मी लग्न लावून मोकळा झालो."

तेजूला हसू फुटलं, मग तिने तोंडावर हात धरला. तो हसला नाही. माझ्याकडे पाहून त्याने विचारलं, "तुला कधी कळलं रे?"

हाच तो प्रश्न. इतक्या वर्षांत याच प्रश्नाला मी भीत होतो, आणि तो त्याने इतक्या साधेपणाने विचारला, की खरं सांगणं सोपं होतं.

"परवाच," मी म्हटलं. "जुने कागद आवरताना."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. उठून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तू काय करणार? भाषांतरात होतं असं. अरे, तहाच्या मसुद्यातल्या एका शब्दावरून देश भांडलेत, आपण तर भाऊ आहोत. मनाला लावून घेऊ नको." मग लेकीला म्हणाला, "दाब गं ते बटण. बघत काय बसलीस?" तिने दाबलं. वहिनी पदराने डोळे पुसत चहा टाकायला आत गेल्या. तो पुस्तकं वर ठेवू लागला. चौथ्या पुस्तकापाशी त्याचा हात थांबला, बराच वेळ थांबला, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

हल्ली तो सांगतो, की सुचवलेलं म्हणून वाचायला जास्त मजा येते. हॉस्टेलवर गेलेल्या तेजूला तो एक दिवसाआड फोन करून आज वर्गात काय झालं ते विचारतो, आणि तिने सांगितलेलं सगळं ऐकून घेतो, मध्ये न बोलता. मला वाटतं, तो असा वर्गात बसतो.

हे छापून आलं की तो वाचेल. छापलेलं काहीही तो सोडत नाही. पण छापलेलं वाचू देणं म्हणजे सांगणं नव्हे. चुकीच्या शब्दाची माफी त्याने मला न मागता दिली. फॉर्म भरायच्या त्या आठवड्यातच मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो, हे त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे बघत सांगणं मी अजून त्याचं देणं लागतो.