टेलरबाईंचा ढाण्या

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टेलरबाईंचं दुकान आहे. पुढे मशीन, मागे पडदा आणि पडद्यामागे त्यांचा एकटीचा संसार. कुणीतरी दुकानाचं कुलूप तोडायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने जर्मन शेफर्डचं पिल्लू आणून दिलं. "बघच तू, असा दांडगा होईल की गिऱ्हाईकसुद्धा विचारून आत येईल," म्हणाला आणि नाव ठेवलं ढाण्या.

फरशी गार लागते म्हणून बाईंनी त्याला कोट शिवायला घेतला. वाढतं अंग, तेव्हा शिवणीत सढळ हाताने कापड सोडलं. काही महिन्यांनी उसवायला बसल्या आणि माप घेतलं, तर छाती होती तेवढीच.

"टेप ताणली गेलीय मेली," त्या म्हणाल्या. कापडी टेप वापरून वापरून लांबते, मग माप कमी भरतं, हे शिवणाऱ्यांना ठाऊक असतं. जुनी टेप कचऱ्यात गेली, नवी आली. नवीनेही तेच सांगितलं. मग बाई म्हणाल्या, आधी घेतलेलंच माप चुकलं असणार, हे कार्टं चुळबुळत होतं ना! आपलं माप चुकलं असं या बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. टेप चुकली, हात चुकला. कुत्रा वाढत नाही, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

आम्हा बायकांच्या तरी कुठे शिरलं होतं? ब्लाउज टाकायला येणारी प्रत्येकजण त्याला उचलून घ्यायची. "अगं बाई, कापसाचा गोळाच! असाच राहा रे बाबा!" मीही त्यातलीच.

पुढे ढाण्याच्या कुशीवरचे केस झडायला लागले. खालची कातडी काळपट दिसू लागली. तेव्हा मात्र बाईंनी मशीनवर कापड टाकलं आणि मला हाक मारली, "चला हो माझ्याबरोबर, डॉक्टर काही बोलले तर माझ्या लक्षात राहायचं नाही."

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि दुसऱ्या खेपेला आम्हाला नीट बसवून सांगितलं. ढाण्याच्या मेंदूखालची ग्रंथी वाढीचं संप्रेरक बनवतच नाही. दोष जन्मापासूनचा, आई-बापाकडून आलेला. दोघंही दिसायला धडधाकट असतात, पण दोघांच्याही रक्तात तो दोष असला की एखादं पिल्लू असं निघतं.

"म्हणजे हा वाढणार कधी?" बाईंनी विचारलं.

"नाही वाढणार. केस जातील. रोज गोळी द्यावी लागेल, तिने थोडं बरं वाटेल. पण मूत्रपिंड वगैरे लवकर थकतात. चार-पाच वर्षं मिळाली तरी पुष्कळ म्हणायची."

ढाण्या बाईंच्या मांडीवर पदराचं टोक चघळत होता. निघताना डॉक्टर म्हणाले, "ज्याच्याकडून आणलात त्याला सांगा, ती जोडी पुन्हा लावू नकोस म्हणावं."

भावाने मात्र ऐकल्याबरोबर हिशेब मिटवला. "बदलून आणू. मी कुत्रेवाल्याला फोन केलाय, तो हो म्हणतोय. तुला राखण हवी की आजारपण?"

"दादा, चादर आहे का ती बदलून आणायला?"

"मग रोज रड बघून. वर्षभराने मला बोलावू नकोस डोळे पुसायला."

बाईंनी रागाने पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या रिक्षात बसल्या. मलाही बसवलं. ढाण्याला द्यायचं की नाही, हे रस्ताभर त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्या माणसाला सांगायला तर हवं. त्याला बिचाऱ्याला कुठे माहीत असणार?"

कुत्रेवाला बोलायला गोड. त्याने ढाण्याला पाहिलं आणि चेहरा उजळला. "अरे वा! आणा इकडे. बदल्यात मोठं न्या, हवं ते."

बाई डॉक्टरांचं सगळं सांगत होत्या, तेवढ्यात मला कोपऱ्यातला पिंजरा दिसला. आत तीन ढाण्या होते. तेच कापसासारखे कान, तेच इवलेसे पाय. मी बाईंचा दंड धरला. त्यांनी वळून पाहिलं आणि बोलता बोलता थांबल्या.

"हे... याच्याच भावंडांतले?"

"त्याच जोडीची. आधीच्या वेळची दोन, या वेळचं एक. छोटा शेफर्ड म्हणून विचारत येतात लोक. म्हणून तर जोडी मोडत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, कुत्र्यांत जन्म गेला माझा."

"घेणाऱ्याला सांगता का, हे आजारी आहेत म्हणून?"

"घेणारा विचारतो, किती गोड आहे हो! आजारी आहे का, असं कुणी विचारत नाही." तो हसला. "तुम्ही तरी विचारलं होतंत?"

त्याने हात पुढे केले. बाई एक पाऊल मागे सरल्या आणि ढाण्याला त्यांनी असं काही आवळलं की तो कुईं करून ओरडला. भाऊ, जो सकाळपासून तोंडाचा पट्टा चालवत होता, तो खाली मान घालून रिक्षाकडे निघाला.

आम्ही फाटकाबाहेर आलो तर एक जोडपं लेकीला घेऊन आत येत होतं. पोरगी ढाण्याकडे बोट दाखवून नाचायला लागली, "आई, हाच! अस्साच!"

बाईंनी त्यांना अडवलं. त्यांनी एक शब्द गाळला नाही. वाढ नाही, केस जातात, मूत्रपिंडं थकतात, फार जगत नाहीत आणि आतल्या माणसाला हे सगळं ठाऊक आहे. पोरीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ढाण्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तसं काय हो, जातिवंत कुत्र्यांना काही ना काही असतंच," तो म्हणाला. "पण दिसतो किती गोड!"

आणि ते आत गेले. थोड्याच वेळात पोरीचं खिदळणं बाहेर ऐकू आलं.

भाऊ रिक्षा सुरू करून बसला होता. मोठ्या कुत्र्याचं नाव त्याने काढलं नाही. टेलरबाई फाटकाकडे बघत तशाच उभ्या.

"मी नीट बोलले ना हो?" त्यांनी मला विचारलं.

"नीट बोललात."

"त्यांना ऐकू आलं ना सगळं?"

"आलं."

"मग?"

ढाण्या त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता.