देवतळे सरांची जांभळी शाई

देवतळे सर मतदानाच्या आडोशातून बाहेर आले, तेव्हा दोन बोटांत घडी घातलेली मतपत्रिका धरून ते आपल्या फाउंटन पेनाचं टोपण फिरवत होते. पेन खिशाला लागला. सर मतपेटीकडे वळले. मी खुर्चीवरून उठून पेटीच्या फटीवर हात ठेवला.

"सर, थांबा जरा."

इतक्यात मतपत्रिका वाटणाऱ्या लक्ष्मी मॅडमनी टेबलावरचा जांभळा स्केचपेन उचलून दाखवला. "पेन इक्कडे उंदि, सार." पेन इथेच आहे, असं त्या तेलुगूत म्हणाल्या; म्हणजे आम्ही दिलेला पेन सरांनी नेलाच नव्हता.

मी शेतकी खात्यातला माणूस. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या मावल्याला राहतो. निवडणूक आली की दुसऱ्या सरकारी नोकरांसारखी माझीही ड्यूटी लागते. या वेळी बाजारहत्नूरच्या शाळेतल्या बूथवर प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे बूथचा मुख्य, म्हणून आलो होतो. निवडणूक शिक्षकांच्या मतदारसंघाची. यात मशीन नसतं, बटण नसतं. छापील कागदावर उमेदवाराच्या नावापुढे आपल्या पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. आणि ते फक्त बूथवर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनानेच लिहायचे. दुसऱ्या कशानेही लिहिलं की मत बाद. कारण साधं आहे. सगळ्यांचे आकडे एकाच पेनाचे असले म्हणजे मोजताना कुणाचं मत कोणतं ते कळत नाही.

आता पंचाईत अशी की मतदार सगळे मास्तर. एकाला जेलपेनच लागतो, दुसऱ्याला बॉलपेन. एक मॅडम तर पेन्सिलीशिवाय काही लिहीत नाहीत, कारण खोडता येतं. मी स्वतः जाड टोकाचा निळा बॉलपेन सोडून दुसरा पेन हातात धरत नाही. प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीवर माझी सही लागते, आणि त्या सगळ्या सह्या मी माझ्याच पेनाने केल्या होत्या. तेव्हा सरांना हसायचा मला काही हक्क नव्हता.

"सर, ब्यालेट पेटीत टाकू नका. तुमचं मत बाद होईल," मी म्हणालो.

"काऊन? जांभळ्याच शाईनं लिवलं ना. खास आदिलाबादहून आनली. सकाळी पेन धुतला, भरला, मंग आलो."

"पण पेन आमचा पायजे, सर."

सरांनी हातातल्या मतपत्रिकेकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात ते रिटायर होणार होते. ही निवडणूक सहा वर्षांनी येते, तेव्हा शिक्षकांच्या यादीत त्यांचं नाव राहणार नव्हतं. हे मत वाया गेलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं. मला मनापासून वाईट वाटलं.

यावर नियमात एक वाट आहे. मतदाराच्या हातून चुकून कागद खराब झाला, तर पेटीत टाकण्याआधी तो परत घेऊन नवा देता येतो. पण चुकूनच झालं, अशी माझी खात्री पटली पाहिजे. म्हणून मी सरांना सोपं केलं. "चुकून झालं ना, सर? तेवढं म्हना, दुसरा देतो."

"चुकून नाई झालं."

"सर..."

"मी ठरवून लिवलं. तुमचा स्केचपेन पायला मी. त्याचं टोक पसरलं हाय. एक काढला तर सात दिसन. आकडा समजला नाई तं मत बादच ना? म्हनून माह्या पेनानं लिवलं. आता चुकून कसं म्हनू?"

गणिताचे मास्तर. मी कपाळाला हात लावला.

एका उमेदवाराचा एजंट संतोष, याच शाळेतला तरुण मास्तर आणि सरांचाच जुना विद्यार्थी, बाकावरून उठला. "साहेब, माफ करा. सर सोताच ठरवून म्हनून राह्यले. मंग नवा कागद कसा देता? उद्या सगळेच म्हनतीन."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी क्षणभर विचार केला आणि सरांना विचारलं, "सर, तुमाले नियम मोडाचा होता का?"

"नाई. पाळाचाच होता."

"जांभळी शाई म्हंजे नियम पाळला, असं वाटलं?"

"हो."

"मंग चूक तिथं झाली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बराबर. उदाहरन नीट सोडवलं, पन गृहीतच चुकलं. मार्क कापा माहे." मग संतोषकडे वळून म्हणाले, "आता चूक म्हनतो मी. चालते का?"

संतोष खाली बसला. "चालते, सर. तसाई तुमचा काढलेला एक मी झोपेतई ओळखला असता. खालून पाय असते त्याले."

मी घडी न उघडता जुना कागद घेतला, त्यावर रद्द असं लिहिलं आणि वेगळ्या पाकिटात घातला. लक्ष्मी मॅडमनी नवी मतपत्रिका दिली, आणि स्केचपेन सरळ सरांच्या हातातच ठेवला. सरांनी आधी एका रद्दी कागदावर तो चालवून पाहिला. एक रेघ, दोन रेघा. तोंड कडू झालं त्यांचं. पण आत गेले.

बाहेर आले, कागद पेटीत सोडला, आणि स्केचपेन टोपण लावून परत केला.

"आता माहा एक कोनाले ओळखू येनार नाई," ते म्हणाले.

"तेच पायजे, सर."

"हो, पन जल्मभर पोराईले सांगतलं, अक्षर असं काढा का पायताच ओळखू यावं."

  सर बोटाला लावलेली मतदानाची शाई वाळवत शाळेच्या पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतर मी दारात एक ट्रे ठेवला. आत जाताना ज्याने त्याने आपला पेन त्यात ठेवायचा. आता मी निवडणुकीच्या ट्रेनिंगमध्येही शिकवतो, आणि तिथे पेन बूथचाच हवा हे आधी सांगतो, शाईचा रंग सगळ्यात शेवटी.